कंस दिसायच्या आत

अक्का वेबसाइटी बनवायची, आणि आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं तिला मुळीच खपायचं नाही. दवाखान्याचं नंबर लावायचं पान तर तिनं जीव तोडून केलं होतं, तेही थोरल्या भावासाठी. दादाला साठीत ऐकू येईनासं झालं. फोनवर बोलता येईना, मग नंबर लावायला शेजारणीची मनधरणी. त्यापायी कानाच्या डॉक्टरकडे जायचं तो दोन वर्षं टाळत होता.

पान सुरू झालं त्याच सकाळी दादानं आपला फोन तिच्यापुढे आपटला.

"मोडलंय तुझं पान! नुसते महिरपी कंस, आत काहीतरी इंग्रजी. घाबरून बंदच केलं मी."

"काहीतरीच! माझ्याकडे लख्ख उघडतंय," अक्कानं कागदावर खरडलं.

"मग तूच बघत बस. मला नाही जायचं कुठल्या डॉक्टरकडे."

तिला ते झोंबलं. तणतणत तिनं त्याचा जुना फोन उचलला आणि पान उघडलं. दोन-तीन सेकंद पडद्यावर खरंच कंसांचं रान! डॉक्टरांची नावं आणि वेळा भरायच्या जागा कंसांसकट तशाच उघड्या. मग सगळं जागेवर. तिच्या वेगवान कॉम्प्युटरवर हे कधी दिसलंच नव्हतं, आणि बाईसाहेबांनी दुसरीकडे बघितलंही नव्हतं.

आता पाणी कुठे मुरतंय ते शोधणं आलं. मजकूर भरेपर्यंत पान झाकून ठेवायची ओळ तिनं लिहिली होती की! पण ठेवली कुठे? पानाच्या सजावटीच्या वेगळ्या फाइलीत, आणि ती फाइल फोनवर उतरायची सगळ्यात शेवटी. म्हणजे पाहुणे येऊन बसल्यावर पसारा झाकायला चादर शोधायची! अक्कानं कपाळावर हात मारला. ती ओळ उचलून पानाच्या अगदी सुरुवातीला ठेवली, आणि तोवर दिसायला लिहिलं, 'थांबा, उघडतंय.'

दादाच्या फोनवर तिनं दहा वेळा उघडून पाहिलं. एकदाही कंस नाही. मग फोन त्याच्या हातात दिला. मदत करायला हात नुसते शिवशिवत होते, पण ती मुकाट्यानं बाजूला झाली.

'थांबा' वाचून दादा थांबला. मग एका बोटानं नाव लिहिलं, मंगळवारचे साडेदहा निवडले, बटण दाबलं.

"लागला!" तो केवढ्यानं तरी ओरडला. "कानाच्या डॉक्टरचा. कुणाला विचारावं लागलं नाही बघ!"

अक्काला भरून आलं. कागद पुढे ओढून तिनं लिहिलं, "मी येऊ बरोबर?"

"कशाला?" दादा म्हणाला. "मी जाईन माझा."