चौदा नंबरची शीट

प्रभा उजगरेनं मारलेली रेघ खात्यात कुणी दुसऱ्यांदा मोजत नसे. बांधकाम खात्याच्या नकाशा विभागात ती पंचाहत्तर साली लागली तेव्हा तिथे ती एकटीच बाई होती. पहिली दोन वर्षं पुरुष ड्राफ्ट्समन तिच्यामागून गुपचूप टेप लावून बघायचे. चूक काही सापडेना, तेव्हा कंटाळून त्यांनी ते सोडून दिलं. तिचे वडील अहमदनगरच्या मिशन शाळेत चित्रकला शिकवत. समोर आहे ते काढ, असावं असं वाटतं ते काढू नकोस, एवढंच त्यांनी मुलीला शिकवलं होतं.

दिल्लीला ती आली अविनाशच्या मागून, लग्न करून. अविनाश सरकारी छापखान्यात प्रूफरीडर होता. जुन्या दिल्लीला चिकटून असलेली ती लाल विटांची, इंग्रजी अमदानीतली इमारत. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि प्रत्येक दात्याला उत्तरेकडे काच. त्यामुळे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या हातावर दिवसभर सारखा उजेड पडायचा, सावली कधी पडत नसे. आवारातच मागे कामगारांच्या बत्तीस क्वार्टरांच्या दोन ओळी होत्या. दीड खोली आणि पुढे कमानींचा व्हरांडा. संडास मात्र आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, बत्तीस घरांत मिळून आठ. तरुणपणी त्याचं काही वाटलं नाही. लेक नीला तिथेच जन्मली आणि मराठीच्या आधी तिथल्या पोरींशी हिंदीत भांडायला शिकली.

त्र्याण्णव साली छापखाना बंद झाला. यंत्रं भंगारात गेली, अविनाशला लवकर निवृत्ती मिळाली, आणि प्रभा नोकरीत असल्यामुळे क्वार्टर तिच्या नावावर झालं. तीन वर्षं यंत्रघरात कबुतरांशिवाय कुणी फिरकलं नाही. मग खात्यात हालचाल सुरू झाली. जागा मोक्याची होती. इमारत पाडून तिथे बारा मजली कार्यालय उभारायचं, असा प्रस्ताव आला. त्याला विरोध करणारेही उभे राहिले. वाद वारसा समितीपुढे गेला. समितीनं सांगितलं, आधी इमारत नीट मोजून तिचे नकाशे द्या.

काम प्रभाकडे आलं. अधीक्षक अभियंता रस्तोगीसाहेब म्हणाले, "उजगरे मॅडम, आप तो वहीं रहती हैं. टीए-डीए भी बचेगा."

सव्वा वर्ष ती मोजत होती. सकाळी ऑफिसला जायच्या आधी, रविवारी चर्चहून आल्यावर, ओळंबा, टेप आणि वही घेऊन ती यंत्रघरात शिरायची. अविनाश टेपचं दुसरं टोक धरायचा. वीस वर्षं ज्या इमारतीसमोरून ती भाजी आणायला गेली होती, ती तिला आता कळायला लागली. भिंतींची जाडी वरच्या मजल्यावर नेमकी अर्धी वीट कमी केलेली. पावसाचं पाणी दात्यांच्या खाचेतून बिडाच्या पन्हाळीत आणि तिथून जमिनीखालच्या टाकीत. क्वार्टरांच्या कमानीही यंत्रघराच्याच मापात, फक्त निम्म्या. ज्यानं यंत्रांसाठी कमान काढली, त्यानंच माणसांसाठी काढली होती. ते बघून प्रभाला त्या अनोळखी ड्राफ्ट्समनचा हात धरावासा वाटला.

एकतीस शीटा झाल्या. चौदा नंबरची शीट क्वार्टरांची होती. तिच्यावर तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'व्हरांडा मूळ बांधकामातील. बदल करू नये.'

नव्व्याण्णव साली छापखाना आवारासकट वारसा यादीत गेला. समितीच्या अध्यक्षांनी भर बैठकीत सांगितलं, की इतकं प्रामाणिक रेखाटन त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. पाडायचा प्रस्ताव रेटणारे रस्तोगीसाहेब तिच्याशी सहा महिने नीट बोलले नाहीत. प्रभाला त्याचं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी ती आणि अविनाश चांदणी चौकात जाऊन जिलबी खाऊन आले.

पण यादीत गेलेल्या इमारतीचं पुढे काय करायचं, ते कुणी ठरवलं नव्हतं. पाडता येत नव्हती आणि वापरायलाही कुणी पुढे येत नव्हतं. निर्णय होईपर्यंत 'जैसे थे', असा आदेश आला. त्यात क्वार्टरंही आली. छताला गळती लागली, तर चुना आणि सुरखीनंच, म्हणजे विटांच्या भुकटीनंच, बुजवायची, आणि तसा गवंडी खात्याकडे नव्हता. घरात नळ घ्यायचा तर भिंत फोडावी लागे, आणि ती फोडायची नाही. दुसरीकडे क्वार्टर मागावं, तर आवाराचा निर्णय लागेपर्यंत इथल्या लोकांची नावंच बदलीच्या यादीतून काढलेली.

शेजारची ओमवती एकदा व्हरांड्यात बादल्या लावता लावता म्हणाली, "दीदी, तुम्हारे नक्शे ने हमें बाँध के रख दिया."

प्रभानं हसण्यावारी नेलं. पण आत कुठेतरी ते रुतून बसलं.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात अविनाशला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. दीड महिन्यानं इस्पितळातून घरी आला तेव्हा काठी आणि एक माणूस धरून वीस पावलं जेमतेम टाकता यायची. संडास एकशे दहा पावलांवर होता. प्रभाला मोजायची गरजच नव्हती, ते अंतर तिच्याच शीटवर होतं.

तिनं कमोडची खुर्ची आणली. ती ठेवायला पलंगाच्या पायथ्याशीच तेवढी जागा होती, आणि मध्ये पडदा. तीन दिवस अविनाश तिच्यावर बसला. चौथ्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. आधी एक पोळी, मग अर्धी. चहा नको. पाणीही नको. ओमवती दिवसा त्याच्यापाशी बसायची, म्हणून तर प्रभाला ऑफिसला जाता येत होतं. ओमवतीच्याच ते आधी लक्षात आलं.

"भाईसाहब खाते नहीं," ती म्हणाली. "समझी नहीं तुम? खाएँगे तो जाना पड़ेगा ना."

नीला गुडगावहून आली. बापाच्या मनगटाची हाडं बघून रडली. "आई, तुम्ही माझ्याकडे चला ना, यार," म्हणाली. पण तिच्या दोन खोल्यांत सासू-सासरे होते आणि तिला स्वतःलाच ते माहीत होतं. बाहेर भाड्यानं जागा घेता आली असती. पण तिथे दिवसभर अविनाशजवळ कोण बसणार? ओमवती काही बरोबर येणार नव्हती.

उपाय एकच होता. व्हरांड्याच्या टोकाला, दोन कमानींच्या मध्ये, पाच बाय चारचा संडास बांधायचा. मैलापाण्याची वाहिनी तिथून हाताच्या अंतरावर होती. प्रभानं रीतसर अर्ज केला. सव्वीस दिवसांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर. कारण, 'शीट क्र. १४ नुसार व्हरांडा मूळ बांधकामातील असल्याने.'

ऑफिसच्या टेबलाशी तिनं कागद उलटला. खाली तिचीच शीट जोडलेली होती. तिचं अक्षर, तिची सही.

तिनं दोनदा पुन्हा अर्ज केला. डॉक्टरांचं पत्र जोडलं. समितीच्या सचिवांनी तिला प्रेमानं बसवून घेतलं. "मॅडम, एकाला दिलं की बत्तीस जणांना द्यावं लागेल. मग वारसा काय उरला? तुम्हीच सांगा." हे वाक्य तीही चार वर्षांपूर्वी कुणाला तरी म्हणाली असती, याच शब्दांत.

मार्चपर्यंत अविनाशचं वजन बेचाळीस किलोवर आलं.

एप्रिलच्या बैठकीत प्रभानं स्वतःहून वेळ मागून घेतला. लांबलचक टेबल, पंख्याखाली फडफडणारे कागद. रस्तोगीसाहेब कोपऱ्यात बसले होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "शीट नंबर चौदामध्ये माझी चूक झाली आहे. व्हरांडा मूळचा नाही. नंतर जोडलेला आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुमची चूक?"

"हो सर. विटेच्या मापात फरक आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

विटेच्या मापात केसाइतका फरक नव्हता. पण ते जाऊन बघणार कोण? तिथे तिच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाला सवयच नव्हती. फक्त रस्तोगीसाहेबांनी पेन उचलून काहीतरी टिपून घेतलं.

अकरा दिवसांत परवानगी आली. संडास झाला. पांढऱ्या टाईल्स, भिंतीला धरायला दांडी, आत दिवा. पहिल्या दिवशी अविनाश आत गेला, दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आला नाही. प्रभा घाबरून दाराशी गेली. आत तो गुणगुणत होता. त्या दिवशी त्यानं तीन पोळ्या खाल्ल्या.

ऑगस्टमध्ये आदेश निघाला. 'मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्यानेच मूळ व नंतरचे बांधकाम ओळखण्यातील चूक मान्य केली असल्याने संपूर्ण रेखाटन संच विश्वासार्ह मानता येत नाही. सबब आवार वारसा यादीतून वगळण्यात येत आहे.'

ती धावत रस्तोगीसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. दार लोटून उभ्या उभ्याच बोलली, "सर, मैंने झूठ बोला था."

साहेबांनी तिला खुर्ची दाखवली. पाणी मागवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कब, मैडम? तब, या अब?"

एप्रिलमध्ये खोटं बोलले म्हणावं, तर समितीपुढे खोटं विधान केल्याबद्दल चौकशी, नोकरी आणि तिच्यासोबत क्वार्टरही जाणार, संडास तुटणार. गप्प राहावं, तर छापखाना जाणार. आणि ती ओरडून सांगत सुटली, तरी आता तिच्या सांगण्याला किंमत किती? ती किंमत तिनं स्वतःच एप्रिलमध्ये मोडीत काढली होती.

"दस्तखत तो आपके हैं," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

आदेशाची प्रत घरी आली ती अविनाशच्या हातात पडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस. प्रभा घरी आली तेव्हा त्याचं डावं बोट एका ओळीखाली थांबलेलं होतं.

"चूक... नव्हती," तो म्हणाला. एकेक अक्षर ओढून काढत. टेपचं दुसरं टोक त्यानंच तर धरलं होतं.

"नव्हती."

"मग?"

"तुम्ही जेवत नव्हतात," प्रभा म्हणाली.

मग डाव्या हातात पेन्सिल घेऊन त्यानं 'चूक' या शब्दाखाली वेडीवाकडी तीन टिंबं काढली. प्रूफात एखादा शब्द खोडला आणि मग तो ठेवायचं ठरलं, की त्याच्याखाली अशी टिंबं देतात. म्हणजे, आहे तसं राहू द्या. "राहू... दे," तोंडानंही तो म्हणाला.

त्यानं क्षमा केली होती, तिला कळलं. पण त्या क्षमेनं ओझं तसूभरही हललं नाही. उलट आता या खोट्यात तोही सामील झाला, असं तिच्या मनानं घेतलं.

पाडापाडी दोन हजार सहाच्या जानेवारीत सुरू झाली. आधी काचा काढल्या, मग लोखंडी तुळया. भिंती सहजासहजी पडेनात. चुन्याच्या त्या भिंतींसाठी दुसरं, मोठं यंत्र मागवावं लागलं. प्रभा ऑफिसला जाता-येता तोंड फिरवून जायची. पण क्वार्टरांतली माणसं खुर्च्या टाकून उन्हात बघत बसलेली असायची, आणि ती खुशीत होती. सगळ्यांना गाझियाबादच्या नव्या सरकारी वसाहतीत दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट मिळाले होते. घरात नळ, घरात संडास. ओमवतीनं प्रभाच्या गळ्यात हात टाकले. "दीदी, तुमने छुड़ा दिया हमें. तुम न बोलतीं तो हम यहीं मर जाते."

ते खरंच होतं. ओमवतीच्या सुनेनं बाळंतपणानंतर पावसात त्या संडासाच्या रांगेत काढलेले दिवस प्रभानं पाहिले होते. म्हणून तिला रागावताही येईना.

उजगऱ्यांना नववा मजला मिळाला. ओमवती दुसऱ्या इमारतीत गेली. लिफ्ट आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद असायची. ती अर्ध्यात अडकेल, या धास्तीनं ती चालू असली तरी अविनाश तिच्यात बसायला तयार नसे. जुन्या आवारात तो वीस पावलं का होईना, उन्हात जाऊन बसायचा, येणारा-जाणारा त्याच्याशी दोन शब्द बोलायचा. इथे बाल्कनीच्या जाळीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसे, तिलाही जाळी. तीन वर्षांत तो चारदा खाली उतरला. चौथ्यांदा खांद्यावरून.

प्रभा दोन हजार दहाला निवृत्त झाली. नीलाच्या ओळखीनं तिनं त्याच वसाहतीत भाड्यानं जागा मिळवली, कारण आता जाणार कुठे? जिथे छापखाना होता तिथे ती एकदाच गेली. बारा मजली काचेची इमारत. प्रवेशद्वारावर लाल विटांची कमान होती, जुन्या वास्तूची आठवण म्हणून. जवळ जाऊन बघितलं तर विटा नव्हत्याच, विटेच्या रंगाच्या पातळ फरशा चिकटवलेल्या. रक्षकानं पास विचारला. तिच्याकडे नव्हता.

पुढे एकदा वास्तुकलेच्या कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. तिला छापखान्याच्या छपरावर प्रबंध लिहायचा होता. "मॅम, खात्याच्या लायब्ररीत तुमचा सेट मिळाला. इतकं सुंदर काम! पण प्रत्येक शीटवर 'अविश्वसनीय' असा शिक्का आहे. मी वापरू का?"

प्रभानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. नीलालाही आजवर सांगितलं नव्हतं ते. मग त्या मुलीनं चाचरत विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर... तुम्ही तेच कराल?"

"हो," प्रभा म्हणाली. एका श्वासात आलं ते. आणि म्हणूनच तिला यातून कधी सुटता येत नव्हतं. पश्चात्ताप करावा, तर अविनाशची हाडं निघालेली मनगटं समोर येत.

त्याच दुपारी तिनं खात्याला अर्ज लिहिला. चौदा नंबरच्या शीटबद्दलचं आपलं विधान खोटं होतं, शीट बरोबर आहे, सबब संचावरचा शिक्का काढावा. पुढची कारवाई माझ्यावर करावी. चार महिन्यांनी उत्तर आलं. 'सदर इमारत आता अस्तित्वात नसल्याने रेखाटनाच्या सत्यासत्यतेचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण बंद करण्यात आले आहे.'

तिनं ते पत्र दोनदा वाचलं. लिफ्ट बंद होती, जिने उतरून जायचं होतं आणि टपाल पाचला निघायचं. चष्मा पुसून तिनं कोरा कागद पुढे ओढला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला.