दत्ताकाकांची लायर

दत्ताकाकांच्या समीरचा फोन आला तेव्हा मी कामावर निघाले होते. "मावशी, बाबा गेले… सकाळी, झोपेतच." त्याला धीराचे दोन शब्द सांगायचे सोडून मी विचारलं, "लायर कुठे आहे?" या गोष्टीला सहा आठवडे झाले. अजून मला त्याची लाज वाटत नाही.

दत्ताकाका म्हणजे इथे परदेशात, श्रूजबरीत, आमचे शेजारी, रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर आणि एक नंबरचे हट्टी. २००३ मध्ये बगदादचं म्युझियम लुटलं गेलं, त्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक लायर मोडली, ही बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिली. लाकडी पेटी, तिच्यावर दोन खांब, वर आडवी दांडी, तिथून पेटीपर्यंत ताणलेल्या तारा आणि पुढे बैलाचं तोंड, असं ते वाद्य. "मोडणारे मोडतात. आपण दुसरी करू," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात गाडी गॅरेजमधून कायमची बाहेर आली आणि आत अक्रोडाचं लाकूड गेलं. बैलाला शिंगं खिलारी काढली. तारा पुण्याहून मागवल्या, तानपुऱ्याच्या. आणि तानपुऱ्याला लावतात तसा प्रत्येक तारेखाली सुती दोरा सरकवला. सगळी लायर गुणगुणायला लागली. संगीताच्या इतिहासाचे एक प्राध्यापक मुद्दाम बघायला आले. दोरे काढा, म्हणाले, त्या वाद्याचा आवाज असा नव्हता. काकांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही ऐकला होता?" खरं सांगते, मी प्राध्यापकांच्या बाजूची होते. तसं बोललेही. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग काकांना कॅन्सर निघाला. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत लायर रांगोळीशेजारी टेबलावर ठेवायची, हात लावू नये अशी पाटी लावायची, असं कमिटीने ठरवलं. केमोने केस गेलेले, डोक्याला लोकरी टोपी, अशा अवस्थेत काका आले, पाटी उचलून खिशात घातली आणि लायर घेऊन स्टेजवर बसले. "टेबलावर ठेवायला केली नाही मी. मेधा, गा." मी भूप गायले. मागे ते तारा छेडत होते, एकदाही थांबले नाहीत. मी आयुष्यात इतकी सुरात कधी गायले नसेन.

काकांचे दिवसकार्य झाल्यावर समीर म्हणाला, "लायब्ररीवाले काचेच्या केसमध्ये ठेवतायत, मावशी. बाबांच्या नावाची प्लेट पण लावतील. इट विल बी सेफ देअर." पोरगा मनापासून बोलत होता. मी म्हटलं, "बगदादची पण म्युझियममध्ये सेफच होती." आणि लायर उचलून गाडीत ठेवली, सीटबेल्ट लावून. त्याने पुढे येऊन गाडीचं दार लावलं.

आता ती माझ्या दिवाणखान्यात असते. गाणं शिकायला येणारी मुलं चपला काढल्या काढल्या तिच्यावर हात फिरवतात, मी ओरडत नाही. काल एका तारेखालचा दोरा झिजून तुटला. मी तानपुऱ्याच्या डब्यातून नवा काढला आणि आवाज खुलेपर्यंत तो तारेखाली सरकवत बसले. प्राध्यापकांना कळवायचं असेल तर खुशाल कळवा.