अवसेचा डॉक्टर

सोलापुरात दवाखान्याच्या आवारात मारुतीचे लहानसे देऊळ होते. त्याची पूजा माझ्याकडे असे. सत्तरच्या दशकात माझा एक जुना विद्यार्थी तेथे आला. माझ्यापाशी संस्कृत शिकून तो पुढे मुंबईत इंजिनियर झाला होता. कॅज्युअल्टीत रुग्णांना ताटकळावे लागते, त्यावर उपाय शोधणे हे त्याचे काम.

"गुरुजी, संगणकात लटका दवाखाना मांडायचा. कोणत्या दिवशी किती डॉक्टर ठेवले तर कमी खोळंबा होतो, ते आधी तिथे पाहायचं."

"आणि लटके रुग्ण दगावले तर?"

"भोकं पाडलेली कार्डं यंत्रात पुन्हा घालायची," तो हसला.

गर्दीचा मेळ मात्र त्याला लागेना. मी पंचांग पुढे केले. खेड्यातला माणूस अवसेला आजाऱ्याला घराबाहेर काढत नाही. प्रतिपदेला सगळे एकदम येतात. त्याने हर्षाने माझे पाय धरले. मी म्हणालो, "अवसेलाही या, असे मी लोकांना समजावीन. तू तेवढा डॉक्टर तयार ठेव." त्याने शब्द दिला.

त्यानंतर देवळात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत राहिलो, दुखण्याला तिथी नसते. पंचांग सांगणाराच असे म्हणतो, म्हणून लोकांनी ऐकले.

एका अवसेला मैंदर्गीची एक बाई धापा टाकणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. कॅज्युअल्टीत फक्त नर्स होती. "अवसेला इथं डॉक्टर नसतो आता. नवीन हिशेबानं उद्या दोन आहेत." वॉर्डातून डॉक्टर धावत येईपर्यंत सारे संपले होते.

बाई रडली नाही. देवळातून धावत आलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाली, "उंद्या आणते म्हणत हुते की मी. तुमीच म्हणला म्हाराज, अवस बघू नगं."

विद्यार्थी पुन्हा आला तेव्हा मी त्याला विचारले.

"अवसेला कोणी येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत, गुरुजी. एकूण खोळंबा किती घटलाय, ते तरी पाहा."

"मी त्यांना बोलावणार आहे, हेही सांगितले होते."

"ते यंत्रात कसं घालणार? तुमच्या सांगण्यावरून लोक खरंच येतील, असं मी धरलंच नव्हतं."

"मग शब्द कशाला दिलास?"

तो नमस्काराला वाकला. मी आशीर्वाद दिला, कारण वाकलेल्याला तो नाकारणे मला ठाऊक नाही. पण पुढे कोणी "अवसेला आणू का, म्हाराज?" असे विचारले, की मी दवाखान्याच्या दाराकडे बोट करी आणि म्हणे, "आधी आत विचारून या."