टिकल्यांचे बूट घालून शिरोड्याला

ही सहल ऐंशीच्या दशकातली. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, आणि मालवणला सहज म्हणून कुणी जात नसे. आम्ही गेलो ते शैलाचं लग्न जुळावं म्हणून.

शैला माझ्या ऑफिसातली मैत्रीण. शेजारच्या टेबलावर टाईप करायची. त्याच ऑफिसातल्या प्रकाशशी तिचं जमलं होतं. प्रकाश शिरोड्याचा. त्याची आई गावात शिक्षिका. सगळा गाव तिला 'बाई' म्हणायचा, आणि बाईंना मुंबईची सून नको होती. "एकदा भेट झाली की आई विरघळेल," असं सांगून प्रकाश आधीच गावी निघून गेला. माझी आत्या मालवणात राहायची. तिला वडीलधारी म्हणून बरोबर घ्यायचं आणि शिरोड्याला घरंदाज दिसून परत यायचं, असा आमचा बेत होता.

त्या बेतात बूट नव्हते. पण त्या वर्षी मुंबईत मुलींना टिकल्यांच्या बुटांनी वेड लावलं होतं. काळं कातडं, घोट्याच्या वर जाणारी उंची, आतल्या अंगाला चेन आणि भोवती पितळेच्या टोकदार टिकल्यांच्या रांगा. शैला चणीनं लहान. त्या बुटांच्या टाचेवर ती उभी राहिली की साहेबांशी बोलताना तिला मान वर करावी लागत नसे. एस.टी. स्टँडवर ती ते घालूनच आली.

"शिरोड्याला चपला घालीन गं," ती म्हणाली. "पिशवीत आहेत."

मुंबई-मालवण एस.टी.नं कंबर मोकळी होते, हे तेव्हाचं सत्य. सकाळी तळेऱ्याला गाडी थांबली. विजयदुर्गाचा फाटा इथूनच फुटतो. गरम भजी आणि चहा घ्यायला आम्ही उतरलो, तर शैलाच्या बुटांभोवती सात-आठ माणसं गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं वाकून बघितलं आणि निर्वाळा दिला, "नाल मारल्यानी."

आत्यानं दारातच कपाळाला हात लावला. "अगो, ह्या काय? पायाक मोळे मारून घेतलंस काय?" मोळे म्हणजे खिळे. पण लगेच आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पुढ्यात आलं आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. तुम्ही जाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आणि होडीत चढताना पायातलं काढून हातात घ्या. हे आम्हालाही सांगितलं होतं.

"बाये, ते बूट काढ," होडीवाला शैलाला म्हणाला. "पाण्यात उतरूचा लागात."

"मी उडी मारीन," शैला म्हणाली.

तिनं मारली. खडकापासून हातभर अलीकडे, गुडघाभर पाण्यात. पाय थोडा मुरगळला, पण पोरगी हट्टी. तशाच ओल्या बुटांनी तिनं तट पाहिला, विहिरी पाहिल्या, भर उन्हात फिरली. देवळापाशी बूट काढायची वेळ आली तेव्हा डावा निघाला. उजव्याची चेन हलेना. खारं पाणी, वाळू, वर कडक झालेलं कातडं आणि आत सुजलेला पाय. तिनं बाहेरूनच हात जोडले.

घरी आत्यानं खोबरेल ओतलं. मी ओढलं. शेजारणीनं शैलाला मागून धरलं आणि आत्यानं व मी दोघींनी मिळून ओढलं. शेजारीण पडली. बूट जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी शिरोड्याला जायचं होतं.

आत्या कोयता घेऊन आली. "कापूया."

"नाही!" शैला किंचाळली. "आत्या, बूट नाही कापायचा."

दोघीही ऐकेनात. शेवटी आत्या म्हणाली, देवीला विचारू. वाडीतल्या देवळात कौल लावायचा. देवीच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शैलाचा कौलावर विश्वास नव्हता, पण कोयत्याला टाळायला ती कशालाही तयार होती. लंगडत आली आणि पायरीखाली उभी राहिली.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. एवढं गंभीर गाऱ्हाणं मी आजवर ऐकलेलं नाही.

"आई देवी, म्हाराजा! ह्या मुंबैच्या चेडवाच्या उजव्या पायात जो काय बूट अडाकलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" आत्या आणि शेजारीण म्हणाल्या.

"...तो कापूचो की नाय, ता सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला शैलाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावी कळी टपकन पडली.

"नको म्हणता," गुरव म्हणाला.

आत्यानं कोयता घरी नेऊन ठेवला. त्या क्षणापासून तो बूट तिच्या लेखी देवीनं राखलेला होता. कुणी हसलं तर ती डोळे वटारायची.

शिरोड्याला आम्ही कुडाळ, वेंगुर्लं असं गाड्या बदलत गेलो. वाटेत धामापूरचा तलाव लागतो. वेळ असेल तर जरूर उतरा, पाणी असं निश्चल की बोलावंसं वाटत नाही. आम्ही खिडकीतूनच बघितला. शैला पाय सीटखाली ओढून बसली होती. एका पायात बूट, एका पायात कोल्हापुरी, अंगावर मोरपंखी साडी. "नंदा, हे लग्न गेलं," एवढंच ती म्हणाली. मी तिचा हात धरला.

पडवीच्या पायरीशी बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पांढरं पातळ, बारीक चष्मा, उंचीनं शैलापेक्षाही कमी. मागे प्रकाश. त्याचं तोंड बूट बघून जे उघडलं ते मिटेना.

"यावं," बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "प्रवासाचा त्रास झाला नाही ना? पाय धुऊन घ्या."

शैलानं एक पाय धुतला. मग सगळे दुसऱ्या पायाकडे बघत उभे राहिले.

"तो निघत नाही," शैला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी नाटक करत नाहीये, खरंच निघत नाही."

"देवीन कापू नको म्हणान सांगल्यान," आत्यानं ठणकावलं.

बाईंनी सगळी हकिगत ऐकली. आतली जमीन त्याच सकाळी सारवलेली होती. त्या घरात गेल्या आणि धुतलेली कापडी पिशवी आणि सुंभ घेऊन आल्या. खाली बसून त्यांनी बूट पिशवीत घातला आणि वर गाठ मारली. "आता चला आत."

जेवण झालं. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. सुपारी कातरताना बाई एकदम म्हणाल्या, "आता एकदा प्रयत्न करू." रात्रभर पाय उशीवर ठेवून सूज उतरली होती, तेल आतपर्यंत मुरलं होतं. शैलानं पडवीचा खांब धरला, बाईंनी पदर खोचला आणि हिसका दिला. बूट निघाला. बाई धपकन बसल्या, बूट मांडीवर.

शैला न्हाणीत पाय धुवायला गेली. बाई बूट फिरवून बघत होत्या, टिकल्यांवरून बोट फिरवत होत्या. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण पुढे काय होणार ते मला दिसत होतं; नजर मात्र तिरकी तिकडेच होती. बाईंनी हळूच पाय आत घातला. तेलामुळे तो सुळकन गेला. खांबाला धरून त्या बुटाच्या पायावर उभ्या राहिल्या, दुसरा पाय अधांतरी, आणि समोरच्या खुंटीवर टांगलेल्या आरशात बघितलं. एरवी त्यात त्यांचं कपाळच दिसत असणार. आता अख्खा चेहरा आला.

मग त्यांनी बूट ओढला. परत ओढला.

"अगे माझ्या आवशी!" बाई ओरडल्या. "ह्यो निघणा नाय गो! शैला! खंय गेलंस गो? हय ये!"

शैला ओल्या पायांनी धावत आली. बघितलं आणि मटकन बसून हसायला लागली. हसता हसता रडली. बाईही हसत सुटल्या, चष्मा कपाळावर गेला. प्रकाश दारात उभा राहून "काय झालं? काय झालं?" विचारत होता, त्याला कुणी उत्तर दिलं नाही. आत्या मात्र हसली नाही. तिनं त्या पायाला रीतसर नमस्कार केला.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही निघालो तेव्हाही बूट बाईंच्याच पायात होता. "उद्या शाळा आसा," त्या म्हणाल्या, "बघूया काय ता." नंतर कळलं, त्या तशाच शाळेत गेल्या. मुलांची हसायची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी बूट आपोआप सैल झाला. तोवर बाईंचं प्रकाशला मुहूर्त काढायला सांगून झालं होतं.

मुंबईला परतल्यावर मी आईला सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यासकट, नकला करून. आई ओटा पुसत होती. पोट धरून हसली. मग फडकं पिळलं, वाळत घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तसले बूट माझ्या मापाचे मिळतात का गं?"

मी तिच्या पायांकडे बघितलं. तिचं माप मला माहीत नव्हतं.