उलटा हात

अंबरनाथच्या ज्या छोट्या बारमध्ये आमचा बँड रविवारी संध्याकाळी वाजवतो, तिथला साउंडवाला बोलतो कमी, खोकतो जास्त. मी गिटार घेऊन गायला उभा राहिलो की तो एक बोट माझ्या गिटारच्या तारेवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताची मागची बाजू माईकला लावून बघतो. तिथलं वायरिंग जुनं आहे, कधीकधी माईकमध्ये करंट येतो. तळहाताने धरलं तर मूठ आवळली जाते, उलटा हात झटक्याने सुटतो. "हां, गा आता," म्हणून तो बाजूला होतो. आम्ही याला त्याची पूजा म्हणायचो.

मागच्या महिन्यात एरियातला एक दादा वाढदिवसाला पोरं घेऊन आला आणि माझ्या माईकवर गायला उभा राहिला. साउंडवाल्याने पूजा केली. त्याचा हात ताडकन मागे आला. मी शेजारीच होतो, मला दिसलं. त्याने माईकचा प्लग काढला.

"दोन मिनटं, दादा. करंट येतोय."

"माझ्याच टायमाला?" दादा माझ्याकडे वळला. "काय रे, तुला लागला काय?"

मालक काउंटरवरून 'नाही म्हण' असं मला खुणावत होता.

"मला नाय लागला," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

दादाने साउंडवाल्याच्या कानाखाली वाजवली. तरी त्याने मुठीतला प्लग सोडला नाही. शेवटी दादाच शिव्या देत निघून गेला.

पुढच्या रविवारी साउंडवाला आला, खोकला, माझ्या तारेवर बोट ठेवून त्याने माईकला उलटा हात लावला.

"हां, गा आता."

मला गाण्याची पहिली ओळच आठवेना.