गोळीवाल्यांच्या घरचा काढा

आमचे आप्पा कुरकुंभच्या एका कंपनीत तापाच्या गोळीची पावडर बनवायचे. बनवायचे म्हणजे काय, आठ तास पावडरची पोती ओढायचे. पण दौंडातल्या आमच्या गल्लीत त्यांचं नाव पडलं होतं गोळीवाले. शेजारणी आईला म्हणायच्या, "तुमाला काय बाई, घरात गोळ्यांची रास आसंल." रास होती, पण गुळवेलीची.

आमच्या घरात तापाची गोळी यायची नाही, हा आप्पांचा कायदा. निमोण्याला आत्याच्या बांधावरच्या कडुलिंबावर गुळवेल चढली होती, ती पिशवी भरून यायची. त्यात काडेचिराईत, सुंठ, तुळस टाकायची आणि चार पेल्यांचा एक पेला होईपर्यंत उकळायचं. चव सांगत बसत नाही. ज्यानं प्यायलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही प्यायला त्याचं भलं झालं.

ताप हा शब्दसुद्धा घरात चालायचा नाही. आप्पा मानेला उलटा हात लावून निकाल द्यायचे, "कणकण हाय." अंगावर पापड भाजला असता तरी कणकणच. कारण कणकणीला काढा पुरतो, तापाला डॉक्टर लागतो. अख्ख्या मुलखाचा ताप उतरवणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरचा ताप कबूल करू नये, याचा मला भारी संताप यायचा.

दहावीच्या परीक्षेत तो संताप उकळला. सोमवारी गणिताचा पेपर, आणि शनिवारी मी आडवी. गणितानं आधीच माझा जीव खाल्लेला. नापास झाले तर शाळा बंद, असं मामानं बजावून ठेवलं होतं, एक स्थळही हेरून ठेवलं होतं त्यानं. दोन दिवसांत सहा पेले काढा रिचवला. रविवारी दुपारी वहीतले आकडे दोन-दोन दिसायला लागले, तेव्हा मी पेला सरकवला आणि रडतच आईला म्हणाले, "मी उद्या नापास होते, तुम्ही बसा काढा उकळत."

आई उठली. पायात चप्पल सरकवली, मेडिकलमध्ये गेली आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. पहिली गोळी फोडतेय तोच फर्स्ट शिफ्ट करून आप्पा दारात.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. आप्पांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "बिल कुठंय?"

"अवं, चार गोळ्यांचं कसलं बिल?" आई म्हणाली.

आप्पा अंगातला युनिफॉर्म न काढता तसेच सायकलवर टांग टाकून मेडिकलला गेले. अर्ध्या तासानं आले ते बिल घेऊनच. घडी घालून ते ट्रंकेत रेशनकार्डात ठेवलं, कडी लावली, आणि मग म्हणाले, "आता दी तिला."

गोळी लागू पडली. पेपर दिला, काठावर का होईना पास झाले आणि मामाचं तोंड बंद झालं. निकालाच्या दिवशी पेढा खाता खाता मी आप्पांची थट्टा केली, "आप्पा, बिल कशाला हवं होतं हो? गोळ्या परत करायच्या होत्या का?"

आप्पा हसले नाहीत, सांगायला लागले. मी लहान असताना त्यांच्याच खात्यातल्या एकाच्या खिशात गेटवरच्या झडतीत गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. पोरीला ताप होता म्हणून त्यानं बाजारातून घेतलेलं. कंपनीत निघते नुसती पावडर, तिथं पाकीट बनतच नाही. तरी वॉचमननं बिल मागितलं आणि त्याच्याकडं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटच्या आत घेतलं नाही.

मी विचारलं, "मग एवढी वर्षं आम्हाला तो कडू काढा पाजलात, ते यापायी?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "काढ्याचं बिल कुणी मागत न्हाई."