‘चुका’ नावाचं फोल्डर

सरांनी टेप थांबवली. मागे घेतली. पुन्हा लावली.

पुण्यातला पत्रकारितेचा वर्ग. भिंतींना जाड कापड, समोर मोठे दोन स्पीकर आणि त्यातून माझा आवाज. मी वाचलेलं पाच मिनिटांचं बातमीपत्र. सर म्हणाले, “ऐका रे, हा बातम्या वाचतोय की ढोरं हाकतोय?” वर्ग हसला. त्यांनी तेच वाक्य तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा मागच्या बाकावरचा एक जण डोळे पुसत होता.

मीही हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यावर हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्यानंतर मी जीभ घासली. वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचली, आरशासमोर बोललो. वर्षभरानं पिंपळगाव राजाला घरी गेलो तेव्हा बाप म्हणाला, “कोनासंग बोलून राह्यला बे? इथं तं मीच हावो.” मी त्याला शुद्ध मराठीत उत्तर दिलं. पुढं तो माझ्याशी कमीच बोलला. मला वाटलं, म्हातारा थकलाय.

आज मी बुलढाण्यातल्या एका महाविद्यालयात रेडिओ पत्रकारिता शिकवतो. आमची प्रयोगशाळा मीच उभी केली. आठ संगणक, एक प्रोजेक्टर, चांगले माइक. मुलं फोनवर मुलाखती घेऊन येतात, आवाजाच्या हिरव्या लाटा पडद्यावर दिसतात. कुठं खोकला आहे, कुठं अडखळणं आहे, बोट ठेवून दाखवता येतं. मला या कामाचा फार अभिमान होता.

माझ्या संगणकावर एक फोल्डर होतं. नाव ‘चुका’. मुलांच्या कामातले गावठी उच्चार मी त्यात कापून ठेवायचो. सात वर्षांचे तुकडे. वर्गात पडद्यावर लाट दाखवायची, आवाज मोठा करायचा आणि तो तुकडा फिरत ठेवायचा. पुण्याच्या सरांना टेप मागे घ्यावी लागायची. मला तेवढेही कष्ट नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मोताळ्याकडच्या एका मुलीनं आठवडी बाजारावर बातमी केली. भाजी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी बाजारात संडास नाही, ही बातमी. वर्गातल्या कुणालाच ती सुचली नव्हती. मलाही नाही. त्यात एक बाई बोलत होती. मी तिची नऊ सेकंदं कापली आणि लावली.

“सकायपासून पानी नाई पेत मी. पेलं तं जाव कुठी? दिवसभर अशीच बसतो, तोंड कोरडं घेऊन.”

मी म्हणालो, “आता सांगा, पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला यातलं काय कळेल?” तुकडा फिरत राहिला. पेलं तं जाव कुठी. पेलं तं जाव कुठी. पोरं हसली. एकानं मागून नक्कल केली.

ती मुलगीही हसली. सगळ्यात मोठ्यानं.

ते हसू मी ओळखलं. तरी तुकडा बंद केला नाही. तास संपायला दहा मिनिटं होती, ती मी पूर्ण घेतली.

चार दिवसांनी तिनं सुधारलेली बातमी दिली. बाई तीच, आवाज दुसरा. संगणकानं तयार केलेला, गुळगुळीत. “बाजारात महिलांसाठी प्रसाधनगृहाची सोय नसल्यामुळे मी दिवसभर पाणी पीत नाही.” श्वास नव्हता त्यात. कोरडं तोंडही नव्हतं.

“मूळ आवाज कुठे आहे?”

“पुसला, सर. फोनातूनही.” मग म्हणाली, “आई होती माही. आता चूक नाही न?”



बाजाराच्या दिवशी मी मोताळ्याला गेलो. मेथी-पालकाच्या जुड्यांमागं ती बाई बसली होती; आवाजावरून ओळखली. मी माझं नाव सांगितलं आणि पुन्हा बोलाल का, म्हणून फोन पुढं केला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“मास्तर हा न तुमी? पोरगी म्हने माह्या बोलन्यात चुका हायेत. तिलेच इचारा. ते शुद्द बोलते.”

“ताई, चूक माझी आहे.”

“असन. मी नाई बोलत पन.” शेजारची भाजीवाली म्हणाली, “बोल न वो, रेडिओवर येशीन!” ती बाई शेजारणीवरच खेकसली, “तू बोल! मले गिऱ्हाईक पाहू दे.”

तिचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता. माझ्या ‘चुका’ फोल्डरमध्ये. नऊ सेकंदं.

पुढच्या महिन्यात उत्तम प्रयोगशाळांची यादी करायला विद्यापीठाची समिती ऑनलाइन आमचं काम पाहणार होती. विभागप्रमुखांनी मुलीची तीच बातमी निवडली, संगणकाच्या आवाजाची. “तंत्रज्ञान दिसलं पाहिजे,” ते म्हणाले. मी मुलीला बोलावलं. विचारलं, “तुझ्या आईची नऊ सेकंदं समितीपुढं लावू का?”



“आईले इचारतो,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली. “आई म्हने, लावा. बाजारातली गोठ लोकाईले समजली पाह्यजे. पन सर, कोनी हासलं तं मी उठून जाईन.”

मी तिच्या बातमीतला संगणकाचा आवाज काढला आणि आईचा बसवला. पडद्यावर समितीचे तिघं होते. नऊ सेकंदं संपली तसा त्यातला एक जण हसून म्हणाला, “सर, ही कच्ची क्लिप चुकून लागली वाटतं.”

मुलीनं बाकाची कड धरली.

“चुकून नाही लागली.”

“मग यावर प्रमाण मराठीत आवाज चढवा ना. श्रोत्यांचा विचार करा.”

पंचवीस वर्षं घासलेली जीभ तोंडात जड झाली. मग सुटली.

“नाई चढवत,” मी म्हणालो. “तिले जे म्हनाचं होतं ते तिनं म्हटलं. मराठीतच म्हटलं. तुमाले समजलं नसन तं पुन्हा आयका.”

मी पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. विभागप्रमुख माझ्या कोपराला धरून ओढत होते. या वेळी कुणी हसलं नाही. मुलगी जागची उठली नाही. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

आमची प्रयोगशाळा समितीच्या यादीत आली नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. समितीसमोर सदोष ध्वनिमुद्रण का सादर केलं, असं त्यात विचारलंय. ‘सदोष’ या शब्दाखाली मी रेघ मारली आणि लिहिलं: दोष माझा आहे, सात वर्षांचा आहे, ध्वनिमुद्रणाचा नाही.

ते फोल्डर मी पुसलेलं नाही. पुसलं असतं तर मीच सुटलो असतो. त्यातल्या एकेकाचा फोन शोधतोय. तुझा आवाज मी अमुक वर्षी वर्गाला हसवण्यासाठी वाजवला होता, असं सांगतो. काही जण म्हणतात, जाऊ द्या सर. एकानं फोन ठेवून दिला. बरोबर केलं त्यानं. बापाला लावायला फोन नाही. तो गेला.

मोताळ्याच्या बाजारात अजून संडास नाही. ती बाई अजून पाणी पीत नाही, आणि माझ्याशी बोलतही नाही. मी जातो, मेथी घेतो, फोन खिशातच ठेवतो. ती बोलेल की नाही, ते तिनं ठरवायचं.

मी माझं ठरवलंय. माझ्या प्रयोगशाळेत यापुढं माणसाच्या आवाजावर दुसरा आवाज चढणार नाही. चढवायला सांगणारा कितीही मोठा असो, त्यानं आधी माझी नोकरी घ्यावी. ती घेताना तो मला जे विचारेल, त्याचं उत्तर त्याले माह्या बापाच्या बोलीत भेटन.